धान्याची रास आणि समाकलन



अकरावीपर्यंत गणिताशी कसेबसे जुळवून घेणारा विद्यार्थी बारावीत समाकलन, म्हणजे वर्गात ज्याला आपण इंटिग्रेशन म्हणतो ते, सुरू झाले की खचतो. घरात यापूर्वी कोणी विज्ञान शिकलेले नसते, शंका विचारायला कोणी नसते. "हे आपल्याला जमणारे नाही" अशी समजूत करून घेऊन खेड्यापाड्यांतील कितीतरी हुशार मुले-मुली गणित सोडून देतात आणि पुढची अनेक दारे आपल्याच हाताने लावून घेतात. वस्तुतः समाकलनाचे मूळ आपल्या खळ्यावरच आहे, हे दाखवण्याचा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

१ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झालेला आपला हिंगोली जिल्हा शेतकऱ्यांचा व शेतमजुरांचा. सेनगाव असो की कळमनुरी, सुगीत ज्वारीची, हरभऱ्याची, सोयाबीनची रास सर्वांनी पाहिलेली असते. वरून धान्य ओतत गेले की ते सर्व बाजूंनी सारखे घरंगळते आणि शंकू तयार होतो. आता पुठ्ठ्याचा एक काटकोन त्रिकोण कापा. त्याची एक काटकोनी बाजू उभी धरून तिच्याभोवती तो गरकन फिरवा. डोळ्यांना तोच शंकू दिसेल. सपाट आकृती एखाद्या आसाभोवती फिरून जो घन तयार होतो, त्याचे घनफळ काढणे हा आपला प्रश्न आहे. कुंभाराच्या चाकावरचे मडके व रांजण हेही याच कुळातले.

घनफळ काढायचे कसे? मोठ्या भाकरीवर तिच्याहून लहान, तिच्यावर आणखी लहान, अशी चवड रचली आहे असे समजा. राशीचे समान जाडीचे १० आडवे काप करा. प्रत्येक काप जवळजवळ गोल चकतीच. चकतीचे घनफळ म्हणजे पाय गुणिले त्रिज्येचा वर्ग गुणिले जाडी. शेंड्याकडून मोजल्यास त्रिज्या तळाच्या त्रिज्येच्या १/१०, २/१०, ३/१० अशा वाढत जातात. १ ते १० या संख्यांच्या वर्गांची बेरीज ३८५. म्हणून या चवडीचे घनफळ तेवढ्याच तळाच्या व उंचीच्या दंडगोलाच्या ०.३८५ पट येते. हे उत्तर थोडे जास्त आहे, कारण प्रत्येक कापाची खालची, म्हणजे मोठी, त्रिज्या आपण घेतली. वरची लहान त्रिज्या घेतल्यास ०.२८५ येते. खरे उत्तर या दोहोंच्या मध्ये आहे. १०० काप केले तर ०.३३८३५ आणि ०.३२८३५. १००० केले तर सुमारे ०.३३३८ आणि ०.३३२८. दोन्ही बाजू एक-तृतीयांशाकडे सरकत आहेत. काप अतिशय पातळ करीत जाऊन ही बेरीज जिथे स्थिरावते ती संख्या शोधणे, यालाच समाकलन म्हणतात. लाइबनिट्सने १६७५ मध्ये त्यासाठी वापरलेले उभट चिन्ह हे 'बेरीज' या अर्थाच्या लॅटिन शब्दाचे पहिले अक्षरच आहे. क्ष-वर्गाचे समाकलन क्ष-घन भागिले ३ होते. शंकूच्या सूत्रातला १/३ तिथूनच येतो.

हा विचार आपल्याला परका नाही. भास्कराचार्यांनी इ. स. ११५० च्या सुमारास 'लीलावती'त धान्यराशीचे स्वतंत्र गणित दिले आहे. राशीची उंची जाड धान्यात परिघाच्या १/१०, बारीक धान्यात १/११ आणि कुसळाच्या धान्यात १/९ धरावी. परिघाच्या सहाव्या भागाचा वर्ग करून उंचीने गुणावे. परीघ ६० हात असेल तर जाड धान्याची उंची ६ हात आणि घनफळ १० × १० × ६ = ६०० घनहात. शंकूचे घनफळ परिघाचा वर्ग गुणिले उंची, भागिले १२ पाय इतके असते. पाय ३ धरला की छेद ३६, म्हणजे ६ चा वर्ग होतो. त्यामुळे उत्तर पाच टक्क्यांच्या आत जास्त येते. त्याच ग्रंथात त्यांनी ३९२७/१२५० हे सूक्ष्म मूल्यही दिले आहे. राशीचा नियम मात्र दोरी घेऊन खळ्यावर बसलेल्या माणसासाठी आहे.

आता परीक्षेतील दोन नेहमीच्या चुका पाहू. पहिली, त्रिज्येचा वर्ग करायचा राहून जाणे. दुसरी, मध्ये पोकळी असलेल्या घनाची. विहिरीच्या गोल बांधकामाची बाहेरची त्रिज्या ५ फूट व आतली ४ फूट असेल, तर कड्याचे क्षेत्रफळ पाय × (२५ − १६), म्हणजे ९ पाय. अनेकजण आधी ५ मधून ४ वजा करून १ चा वर्ग करतात आणि उत्तर पाय लिहितात. या चुकीने दगड नऊपट कमी पडेल. वर्ग आधी, वजाबाकी नंतर, हे विहीर आठवली की विसरत नाही.

सरावासाठी आपल्या वसमतच्या हळदीचे एक उदाहरण. हळद शिजवण्याच्या गोल बुडाच्या कढईचे तोंड ४ फूट व खोली १ फूट आहे. कढई हा गोलाचा तुकडा मानल्यास त्या गोलाची त्रिज्या २.५ फूट येते. तळापासून क्ष उंचीवर चकतीच्या त्रिज्येचा वर्ग ५क्ष − क्ष². ० ते १ समाकलन केल्यास ५/२ − १/३ = १३/६. त्याला पायने गुणल्यास ६.८ घनफूट, म्हणजे सुमारे १९३ लिटर. स्वतः करून पाहा.

यंदाच्या सुगीत राशीभोवती दोरी फिरवा, काठीने उंची मोजा व घनफळ काढा. एक घनफूट मापाच्या डब्यात तेच धान्य भरून वजन करा आणि त्याला घनफळाने गुणा. आलेला आकडा काट्यावरच्या वजनाशी ताडून पाहा. खळ्यावर दुसऱ्याचा अंदाज मुकाट्याने मान्य करणाऱ्या आई-वडिलांना तो आकडा समजावून सांगा. ज्याला माप येते त्याला हिशेब विचारता येतो. गणित शिकण्याचा हा पहिला लाभ आहे, आणि परीक्षेतले गुण त्याच्या मागोमाग येतात.