वावर आहे, पण कर्ज नाही! परदेशी शिक्षणाच्या पैशांचं गणित अमरावती-अकोल्यातल्या घरांत कुठं अडतं?

समजा, दर्यापूर तालुक्यातलं एक घर आहे. दहा एकर वावर, त्यात सोयाबीन, तूर आणि थोडा कापूस. मुलगी अमरावतीच्या कॉलेजातून इंजिनिअर झाली. मे महिन्यात तिच्या मोबाईलवर जर्मनीच्या विद्यापीठाचं ॲडमिशन लेटर येतं. घरात पेढे वाटले जातात. दुसऱ्या दिवशी वडील सातबारा घेऊन बँकेत जातात. बँकेतला अधिकारी कागद बघतो आणि म्हणतो, "काका, शेतजमीन तारण चालत नाही. दुसरं काही आहे का?"

हे उदाहरण काल्पनिक आहे, पण वऱ्हाडातल्या कुणालाही ते अनोळखी वाटणार नाही. बाजारभावाने लाखोंची मालमत्ता असलेल्या घरालाही मुलीच्या शिक्षणासाठी कर्ज मिळवताना धाप लागते. परदेशी शिक्षण महाग आहे हे सगळ्यांना माहीत आहे. पण अमरावती-अकोल्याच्या शेतकरी घरांचा प्रश्न "किती पैसे?" इथे संपत नाही. "कोणत्या रूपात आणि कोणत्या महिन्यात?" हा खरा प्रश्न आहे.

मुळात किती पैसे दाखवावे लागतात?

फी ही एक बाजू झाली. त्याशिवाय राहण्या-खाण्याचे पैसे आपल्याकडे आहेत, हे व्हिसाच्या आधीच सिद्ध करावं लागतं.

जर्मनीचं उदाहरण घ्या. तिथल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत ट्युशन फी नसते. त्यामुळे "जर्मनीत फुकट शिक्षण" असे रील्स भरपूर फिरतात. पण व्हिसासाठी साधारणपणे ब्लॉक्ड अकाउंट उघडावं लागतं. त्यात सप्टेंबर २०२४ पासून वर्षाला ११,९०४ युरो आधीच भरावे लागतात. हे पैसे आपलेच असतात, पण जर्मनीत पोचल्यावर दरमहा ९९२ युरो या हप्त्यानेच काढता येतात. शिवाय बाडेन-व्युर्टेमबर्गसारख्या राज्यात युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना सेमिस्टरला १,५०० युरो फी आहेच.

ब्रिटनमध्ये फी वेगळी. त्यावर नोव्हेंबर २०२५ पासून लंडनमध्ये शिकणाऱ्याला महिन्याला १,५२९ पौंड आणि लंडनबाहेर १,१७१ पौंड या हिशेबाने जास्तीत जास्त नऊ महिन्यांचा खर्च दाखवावा लागतो. म्हणजे लंडनबाहेर १०,५३९ पौंड. ही रक्कम खात्यात सलग २८ दिवस असली पाहिजे. एक दिवस जरी कमी पडली तरी व्हिसा नाकारला जाऊ शकतो. वर आरोग्य सेवेचा सरचार्ज वर्षाला ७७६ पौंड.

आता हे आकडे वऱ्हाडी भाषेत मांडू. एक युरो १०० रुपये धरला तर जर्मनीच्या ब्लॉक्ड अकाउंटचे होतात जवळपास ११ लाख ९० हजार रुपये. २०२५-२६ साठी सोयाबीनचा हमीभाव आहे क्विंटलला ५,३२८ रुपये. म्हणजे सुमारे २२३ क्विंटल सोयाबीन. एकरी सात क्विंटल पिकलं आणि पूर्ण हमीभाव मिळाला असं धरलं, तरी हे ३२ एकरांचं पीक झालं. त्यात बियाणं, खत, फवारणी, मजुरी, काहीच वजा केलेलं नाही. आणि आपल्या उदाहरणातल्या घराकडे आहेत दहा एकर.

पीककर्जाला सातबारा चालतो, मग शिक्षणकर्जाला का नाही?

हा प्रश्न बँकेच्या दारात हमखास विचारला जातो. त्याचं उत्तर एका कायद्यात आहे.

भारतीय बँकांच्या शिक्षणकर्जाच्या मॉडेल योजनेनुसार ४ लाखांपर्यंत तारण लागत नाही. ४ ते साडेसात लाखांपर्यंत तिसऱ्या व्यक्तीची हमी लागते आणि त्यापुढे तारण. परदेशी शिक्षणाचा खर्च बहुतेक वेळा साडेसात लाखांच्या वर जातो. म्हणजे तारण आलंच.

कर्ज थकलं तर तारण ठेवलेली मालमत्ता कोर्टात न जाता विकण्याचा अधिकार बँकांना २००२ च्या सरफेसी कायद्याने मिळाला. पण याच कायद्याच्या कलम ३१ मध्ये शेतजमीन वगळलेली आहे. कर्जापायी शेतकऱ्याची जमीन झटपट हातून जाऊ नये, हा त्यामागचा विचार. पण नाण्याची दुसरी बाजू अशी, की जी मालमत्ता सहज विकता येत नाही, ती मोठ्या शिक्षणकर्जासाठी तारण म्हणून घ्यायला बँका सहसा तयार होत नाहीत. पीककर्जाची गोष्ट वेगळी. ते त्याच जमिनीतल्या पिकासाठी असतं, रक्कम तुलनेने कमी असते आणि त्याची व्यवस्थाच वेगळी आहे.

थोडक्यात, जो कायदा वावर वाचवतो, त्याच कायद्यामुळे ते वावर मुलीच्या शिक्षणासाठी बँकेत उभं राहू शकत नाही.

मग बँक काय मागते? शहरातला फ्लॅट, अकृषक म्हणजे एनए प्लॉट, मुदत ठेव. अकोल्यात किंवा अमरावतीत नोकरदाराचा फ्लॅट असेल तर काम होतं. गावातल्या घराचं मात्र तसं नाही. गावठाणातल्या अनेक घरांची नोंद फक्त ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वर असते. ती कर आकारणीची नोंद आहे, मालकीचा पक्का पुरावा नाही. २०२० साली सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनने मोजणी करून गावठाणातल्या घरांना मालमत्ता पत्रक, म्हणजे प्रॉपर्टी कार्ड दिलं जातं. ते झालं असेल तर बँकेत निदान बोलणी सुरू करता येतात.

तारण जुळलं तरी दोन अडचणी उरतात

पहिली, उत्पन्नाचा पुरावा. विद्यार्थ्यासोबत आई किंवा वडील सहकर्जदार असतात. बँक त्यांची सॅलरी स्लिप किंवा इन्कम टॅक्स रिटर्न मागते. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही, त्यामुळे अनेक शेतकरी रिटर्न भरतच नाहीत. उत्पन्न असतं, पण बँकेला हवा तसा कागद नसतो.

दुसरी, सिबिल स्कोअर. पीककर्ज थकलं की त्याची नोंद क्रेडिट रिपोर्टमध्ये होते. ऑक्टोबर २०२५ मध्ये कर्जमाफीसाठी बच्चू कडू यांच्या नेतृत्वाखाली नागपुरात मोठं आंदोलन झालं आणि सरकारने ३० जून २०२६ पर्यंत कर्जमाफीचा निर्णय घेण्याचं आश्वासन दिलं. माफीच्या आशेने हप्ता थांबवणं हे शेतकऱ्याच्या बाजूने समजण्यासारखं आहे. पण त्याच घरातून शिक्षणकर्जाचा अर्ज गेला, तर थकबाकी आडवी येते. घरात मूल परदेशी जायच्या तयारीत असेल, तर वडिलांचा क्रेडिट रिपोर्ट वर्षभर आधीच तपासून घेतलेला बरा.

सरकारी बँकेने नाही म्हटलं की खासगी फायनान्स कंपन्यांचा पर्याय येतो. काही कंपन्या विद्यापीठ आणि कोर्स बघून विनातारण कर्ज देतात, पण व्याज सहसा जास्त असतं.

कॅलेंडर जुळत नाही

ही अडचण कुठल्याच ब्रोशरमध्ये लिहिलेली नसते. ब्रिटन, अमेरिका, जर्मनीचं मुख्य सत्र ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये सुरू होतं. म्हणजे डिपॉझिट, ब्लॉक्ड अकाउंट, व्हिसा फी, विमान तिकीट हे सगळं येतं जून ते ऑगस्टमध्ये. वऱ्हाडात हेच महिने पेरणी, खत आणि फवारणीचे. घरातला पैसा वावरात गेलेला असतो. सोयाबीन घरात येतं दसऱ्या-दिवाळीच्या सुमारास, कापूस त्यानंतर. जेव्हा विद्यापीठ पैसे मागतं, तेव्हा घर सगळ्यात कोरडं असतं.

मग दोन रस्ते निघतात आणि दोन्ही महागात पडतात. एक, सावकाराकडून किंवा नातेवाइकांकडून उचल. दुसरा, वावराचा तुकडा विकणं. जमिनीच्या व्यवहारात आधी फक्त इसार मिळतो, बाकीची रक्कम खरेदीखताच्या वेळी. सातबाऱ्यावर चार भावंडांची नावं असतील तर सगळ्यांची संमती आली. जमीन भोगवटादार वर्ग-२ असेल तर सरकारी परवानगीही लागते. आणि विकणारा घाईत आहे हे कळलं की भाव पडतो.

काही एजंट तिसरा रस्ता सुचवतात. "२८ दिवस तुमच्या खात्यात पैसे टाकतो, कमिशन द्या." यात खोटे कागद निघाले तर व्हिसा तर जातोच, ब्रिटनमध्ये फसवणुकीच्या कारणावरून १० वर्षांपर्यंत बंदी येऊ शकते.

कर्ज मिळालं, पुढे काय?

शिक्षण सुरू असताना आणि त्यानंतर साधारण सहा महिने ते एक वर्ष हप्ता नसतो. याला मोरॅटोरियम म्हणतात. पण हप्ता थांबतो, व्याज थांबत नाही.

समजा २० लाखांचं कर्ज, व्याज ११ टक्के, कोर्स दोन वर्षांचा आणि वर सहा महिने. सगळी रक्कम सुरुवातीलाच उचलली असं धरलं तर अडीच वर्षांचं सरळ व्याज होतं साडेपाच लाख. हे व्याज मुद्दलात मिसळलं तर पुढची दहा वर्षं हप्ता येतो महिन्याला सुमारे ३५ हजार. तेच व्याज शिकत असताना भरत गेलं, तर हप्ता सुमारे साडेसत्तावीस हजारांवर राहतो. पण त्यासाठी घरून दरमहा १८ हजार भरावे लागतील. पगारदार घराला हे जमू शकतं. वर्षातून एकदा-दोनदा पैसा येणाऱ्या घराला नाही.

त्यात रुपया घसरतो. दुसऱ्या वर्षाची फी २० हजार डॉलर असेल, तर ८३ च्या दराने ती १६ लाख ६० हजार होती. डिसेंबर २०२५ मध्ये डॉलर ९० रुपयांच्या पुढे गेला, म्हणजे तीच फी झाली १८ लाख. कर्ज मात्र मंजूर झालंय रुपयांत.

"तिथे पार्ट टाइम करून भागेल" हे वाक्यही जपून ऐकावं. ब्रिटनमध्ये पदवी पातळीच्या पूर्णवेळ विद्यार्थ्याला सत्र सुरू असताना आठवड्याला २० तास काम करता येतं, जर्मनीत वर्षाला १४० पूर्ण दिवस, तर अमेरिकेत सुरुवातीला कॅम्पसवरच आणि २० तासांपर्यंत. यातून खाण्याचा खर्च निघू शकतो. फी निघेल असं धरून चालू नये.

शिष्यवृत्तीचं काय?

परदेशी शिक्षणात पैशांचं वेळापत्रक माणसाला परत पाठवू शकतं, हे जुनं सत्य आहे. १९१३ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांच्या महिना साडेअकरा पौंडांच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेत गेले. पुढे लंडनमध्ये शिकत असताना शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ मध्ये त्यांना शिक्षण अर्धवट सोडून परतावं लागलं. पैसे जमवून ते पुन्हा लंडनला जाऊ शकले ते १९२० मध्ये. अमरावती जिल्ह्यातल्या पापळचे डॉ. पंजाबराव देशमुख एडिनबर्गला शिकले, तेव्हा संस्कृतसाठीची व्हान्स डनलॉप शिष्यवृत्ती त्यांच्या हाताशी आली.

आज अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, जागा ७५. केंद्राच्या नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिपमध्ये १२५ जागा आहेत. त्यातल्या ११५ अनुसूचित जातींसाठी, ६ भटक्या-विमुक्तांसाठी आणि ४ भूमिहीन शेतमजूर व पारंपरिक कारागीर घरांसाठी. मराठा-कुणबी विद्यार्थ्यांसाठी सारथीची योजना आहे. ओबीसी, आदिवासी आणि अल्पसंख्याक विभागांच्याही वेगळ्या योजना आहेत.

पण इथेही वेळेचा घोळ होतो. २०२५ मध्ये केंद्राच्या या शिष्यवृत्तीसाठी १०६ जणांची निवड झाली, मात्र सुरुवातीला तात्पुरती पत्रं मिळाली फक्त ४० जणांना. बाकीच्यांना निधी उपलब्ध झाल्यावर देऊ असं सांगण्यात आलं. विद्यापीठाची तारीख मात्र निधीसाठी थांबत नाही.

राज्याच्या ओबीसी महामंडळाची व्याज परतावा योजनाही आहे. परदेशी शिक्षणाच्या २० लाखांपर्यंतच्या कर्जावरचं व्याज त्यात परत मिळू शकतं. नावातच लिहिलंय, "परतावा". म्हणजे आधी भरा, मग मागा. आणि एक गैरसमज दूर करायला हवा. केंद्राची पीएम विद्यालक्ष्मी योजना फक्त भारतातल्या संस्थांसाठी आहे. अल्पसंख्याक विद्यार्थ्यांना परदेशी शिक्षणाच्या कर्जावर व्याज सवलत देणारी पढो परदेश योजना तर २०२२ मध्येच बंद झाली.

मग करायचं काय?

पहिलं, तयारी दीड वर्ष आधी सुरू करायची आणि ती घराच्या कागदांपासून. प्रॉपर्टी कार्ड, वडिलांचा सिबिल, जमलं तर दोन-तीन वर्षांचं इन्कम टॅक्स रिटर्न. उत्पन्न करपात्र नसलं तरी रिटर्न भरता येतं.

दुसरं, जानेवारीच्या सत्राचा विचार करायचा. ब्रिटन आणि अमेरिकेतली अनेक विद्यापीठं काही कोर्सना जानेवारीत प्रवेश देतात. म्हणजे मोठे खर्च दिवाळीच्या आसपास येतात, जेव्हा पीक घरात असतं. काही विद्यापीठं मिळालेला प्रवेश पुढच्या सत्रावर ढकलू देतात, तेही विचारून बघायचं.

तिसरं, ज्यांनी ही वाट काढली त्यांना गाठायचं. बुलडाणा जिल्ह्यातले राजू केंद्रे ब्रिटिश सरकारच्या चेव्हनिंग शिष्यवृत्तीवर लंडनच्या सोआस विद्यापीठात शिकले. त्यांनी सुरू केलेलं एकलव्य इंडिया फाउंडेशन पहिल्या पिढीतल्या विद्यार्थ्यांना उच्च शिक्षण आणि शिष्यवृत्त्यांसाठी मार्गदर्शन करतं.

आणि चौथं, ऑफर लेटर आल्यावर घरात एक हिशेब कागदावर मांडायचा. नोकरी लागायला वर्ष लागलं तर हप्ता कोण भरणार? उत्तर "वावर विकून" असं असेल, तर ते आज ठरवायचं, घाईच्या दिवशी नाही. कारण पेढे वाटले जातात मे महिन्यात, आणि पैसे लागतात पेरणीत.