पोर धावताना दमते? एकदा पाठ पाहा

बैलाच्या खांद्याला गाठ आली तर शेतकऱ्याला त्याच दिवशी कळते. कपाशीवर कीड दिसली की पान उलटून पाहिले जाते. पण घरातल्या वाढत्या पोरांची पाठ कुणी पाहत नाही. दहा-अकरा वर्षांची झाली की मुलं आपली आपण अंघोळ करतात, अंगभर कपडे घालतात. नेमक्या याच वयात, १० ते १५ वर्षांच्या दरम्यान, काही मुला-मुलींचा पाठीचा कणा एका बाजूला वाकू लागतो. डॉक्टर याला स्कोलिओसिस म्हणतात.

शंभर मुलांमागे दोघा-तिघांना हा बाक असतो. बहुतेकांचा किरकोळच राहतो. वाढत जाणारा बाक मात्र मुलींमध्ये जास्त आढळतो. डोक्यावर हंडे वाहिले, दप्तर जड होतं, म्हणून कणा वाकला असं गावात बोललं जातं. त्याला पुरावा नाही. बहुतेक मुलांत नेमके कारण सापडतच नाही. त्यामुळे आईबापांनी स्वतःला दोष देऊ नये.

दम का लागतो?

कणा नुसता वाकत नाही, पिळलाही जातो. त्याला जोडलेल्या बरगड्या त्याच्याबरोबर फिरतात. कणगी एका बाजूने चेपली तर तीत धान्य कमी मावते, तसेच छातीचे होते. फुप्फुस पुरते फुलत नाही, श्वास उथळ आणि भरभर चालतो. हा त्रास मुख्यतः छातीच्या भागातला बाक मोठा, साधारण ७० अंशांच्या पुढे गेल्यावर वाढतो. मध्यम बाकाची काही मुलेही लवकर थकतात. त्यामागे आणखी एक कारण असते. 'हिची पाठ नाजूक आहे' म्हणून तिला खेळातून बसवतात आणि बसून बसून ताकद जाते.

पाठ कशी पाहावी?

मुलाला पाय जुळवून, गुडघे न वाकवता, दोन्ही तळहात जोडून पुढे वाकायला सांगा. मागे बसून पाठ पाहा. एक बाजू दुसरीपेक्षा उंच दिसली, किंवा उभे असताना खांदे वरखाली वाटले, तर डॉक्टरांना दाखवा. मुलींची पाठ आईने किंवा आशाताईंनी पाहावी. सोबत ताप, रात्रीचे दुखणे किंवा पायात अशक्तपणा असेल तर एक दिवसही थांबू नका. तो कण्याचा क्षयही असू शकतो.

बाक एक्स-रेवर अंशांत मोजतात. कमी असेल तर दर चार-सहा महिन्यांनी तपासणी पुरते. अंग वाढत असताना बाक २५ ते ४० अंशांचा असेल तर पट्टा देतात. अमेरिका व कॅनडातील पाहणीत (२०१३) पट्टा लावलेल्या शंभरातील ७२ मुलांचा बाक शस्त्रक्रियेच्या टप्प्यापर्यंत गेला नाही. पट्टा नसलेल्यांत हे प्रमाण ४८ होते. पट्टा दिवसातून बरेच तास वापरावा लागतो. वाढ संपली की पट्ट्याचा उपयोग राहत नाही. वाकलेल्या रोपाला काठी लावायची ती रोप कोवळे असतानाच.

आणि खेळ बंद करू नका. डॉक्टरांनी मनाई केली नसेल तर चालणे, धावणे, सायकल, पोहणे, लेझीम सारे चालते. खेळताना पट्टा काढता येतो का, ते विचारून घ्या. व्यायामाने कणा सरळ होतोच असे नाही, पण दम वाढतो.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची (२०१३) पथके सरकारी शाळांत मुलांची तपासणी करतात. पथक येईल त्या दिवशी एकही मूल गैरहजर राहणार नाही, हे सरपंच, मुख्याध्यापक आणि शाळा समितीने पाहावे, आणि पाठीची तपासणी आवर्जून करून घ्यावी. लग्नात अडचण येईल म्हणून मुलीचा बाक झाकणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे, की झाकल्याने तो थांबत नाही, उलट उपचाराची वेळ निघून जाते.