मुलांची टूथपेस्ट: पीपीएम वाचा, पण मात्रा मोजा

लहान मूल पेस्ट थुंकत नाही, गिळतं. मग त्याला फ्लोराइडची पेस्ट द्यायची की बिनफ्लोराइडची? घरात दोन वर्षांचं भाचरू असेल, तर हा प्रश्न कधीतरी तुमच्याकडे येणारच. कारण, "तू सायन्सवाला ना!"

पहिली पायरी, एकक नीट वाचणं. 1000 पीपीएम म्हणजे 1 ग्रॅम पेस्टमध्ये 1 मिलिग्रॅम फ्लोराइड. भारतात टूथपेस्टसाठी हीच कमाल मर्यादा आहे. ट्यूबवर कधी 'सोडियम मोनोफ्लुओरोफॉस्फेट 0.76%' असंही दिसतं. तो आकडा क्षाराचा. त्यात फ्लोराइड साधारण 13%, म्हणजे हिशोब पुन्हा 1000 पीपीएमवरच येतो.

पण पीपीएम ही झाली संहती. पोटात जाते ती मात्रा, म्हणजे संहती गुणिले पेस्टचं वजन. ब्रशभर पेस्ट 1 ग्रॅम धरली तर फ्लोराइड 1 मिलिग्रॅम. तांदळाच्या दाण्याएवढी, म्हणजे सुमारे 0.1 ग्रॅम घेतली तर 0.1 मिलिग्रॅम. पेस्ट तीच, फरक दहापट! म्हणूनच अमेरिकन डेंटल असोसिएशनने 2014 मध्ये पहिला दात आल्यापासून तिसऱ्या वर्षापर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी आणि तीन ते सहा वर्षांच्या मुलांना वाटाण्याएवढी पेस्ट सुचवली.

मग कमी पीपीएमची 'किड्स' पेस्ट बरी नाही का? 2010 च्या कॉक्रेन आढाव्यात 1000 पीपीएम आणि त्यावरच्या पेस्टने कीड कमी होते हे स्पष्ट दिसलं. 500 च्या आसपास मात्र तसा ठोस पुरावा मिळाला नाही. इथे सावध राहा: 'पुरावा मिळाला नाही' आणि 'उपयोग होत नाही' ही दोन वेगळी विधानं आहेत.

आता धोका. कायमचे दात हिरडीखाली घडत असताना जास्त फ्लोराइड पोटात गेलं, तर दातांवर डाग पडतात. यालाच फ्लोरोसिस म्हणतात. पण ते येतं कुठून, हेही मोजायला हवं. दाण्याएवढी पेस्ट दिवसातून दोनदा लावली आणि सगळी गिळली, तरी 0.2 मिलिग्रॅम. लिटरला 1.5 मिलिग्रॅम फ्लोराइड असलेलं 1 लिटर पाणी प्यायलं, तर 1.5 मिलिग्रॅम. यवतमाळ, चंद्रपूरच्या काही गावांत भूजलात फ्लोराइड जास्त आहे. तिथे आधी पाणी तपासायचं आणि दंतवैद्यांना विचारायचं.

बाकी घरी उत्तर सोपं: 1000 पीपीएमची पेस्ट, दाण्याएवढी, आणि ट्यूब मोठ्यांच्या हातात.