राजपथ ते विश्रामबाग : कॅफे विकतात बसायची जागा

सातारा/सांगली (प्रतिनिधी) - उपाहारगृहाने एखाद्या ठिकाणाला नाव द्यावे, यात सातारकरांना नवल वाटत नाही. पुणे-बंगळूर महामार्गावरून शहरात येण्याच्या एका जागेला सारे जण 'बॉम्बे रेस्टॉरंट चौक' म्हणूनच ओळखतात. त्यामुळे रस्त्यावर चार नवी हॉटेले उघडली, एवढ्याने बातमी होण्याचे कारण नव्हते. मात्र पोवई नाक्यापासून राजवाड्यापर्यंतचा साताऱ्याचा राजपथ असो की सांगलीतील विश्रामबाग आणि शंभरफुटी रस्त्याचा परिसर, तेथे अलीकडच्या वर्षांत लागलेल्या कॅफेंच्या पाट्यांनी रस्त्याचा स्वभावच बदलण्यास सुरुवात केली आहे. हा बदल पदार्थांपुरता नसून तो बसण्याच्या जागेचा आहे.

उठण्याची घाई

या दोन्ही शहरांची बाजारपेठ मालासाठी वसली. साताऱ्याच्या मोती चौकात कंदी पेढे बांधून घ्यायचे आणि निघायचे. सांगलीच्या गणपती पेठेत किराणा, कापड पेठेत कापड आणि परतताना भडंगाचा पुडा, हा क्रम पिढ्यान् पिढ्या चालत आला. हॉटेलातही फार काळ रेंगाळण्याची सोय नव्हती. मिसळ झाली, चहा झाला की मागचा गिऱ्हाईक खुर्चीकडे पाहत उभा असे. 'विनाकारण बसू नये' ही पाटी जुन्या हॉटेलांच्या भिंतींवर अनेकांनी वाचलेली असेल. अमृततुल्यच्या नव्या शाखांनीही तीच रीत पाळली. तेथे चहा उभ्याउभ्याच होतो.

कॅफेचा हिशेब नेमका याच्या उलट आहे. एका कॉफीवर दीड तास बसण्याची मुभा, हाच तेथील खरा माल. कॉफीच्या किमतीत दूध, साखर आणि पूड यांपेक्षा खुर्ची, पंखा, वाय-फाय आणि 'आता उठा' असे कोणी न म्हणण्याची हमी यांचाच वाटा मोठा असतो.

विद्यार्थी, पर्यटक आणि पूर

ही हमी विकत घेणारा वर्ग दोन्ही शहरांत आधीपासून होता. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये स्थापन केलेल्या रयत शिक्षण संस्थेमुळे सातारा हे विद्यार्थ्यांचे गाव झाले. सांगलीत विश्रामबागेत १९१९ पासूनचे विलिंग्डन महाविद्यालय आणि १९४७ पासूनचे वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. कॉट बेसिसवर राहणाऱ्या मुलामुलींना खोलीत मित्रमंडळी बोलावता येत नाहीत. साताऱ्याला त्यात पर्यटकांची भर पडली. २०१२ मध्ये कास पठाराचा समावेश जागतिक वारसास्थळांत झाल्यावर फुलांच्या हंगामात शहरातून जाणारी वर्दळ वाढली.

सांगलीत आणखी एक कारण संभवते, ते म्हणजे कृष्णेचे पाणी. २००५, २०१९ आणि २०२१ या तिन्ही महापुरांत नदीकाठच्या जुन्या पेठांना फटका बसला. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळची पातळी ५७ फुटांवर गेली. तेथील धोक्याची पातळी ४५ फूट आहे. शीतपेटी, कॉफीयंत्र आणि सजावटीत पैसे गुंतवणारा नवा व्यावसायिक अशा वेळी मिरजेकडील, तुलनेने उंचावरच्या विश्रामबागेचा विचार आधी करणार, हे ओघानेच आले.

एका रस्त्यावर दोन भाडी

मग जुने दुकान जाऊन कॅफे येतो, असे सरसकट घडते का? तसे दिसत नाही. याचे एक कारण भाड्याच्या कायद्यात आहे. ३१ मार्च २००० पासून लागू असलेल्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने जुन्या भाडेकरूंना संरक्षण दिले असून, त्यांच्या भाड्यात वर्षाला चार टक्केच वाढ करता येते. पेठेतील जुना दुकानदार त्यामुळे सहसा जागा सोडत नाही. नवा व्यावसायिक मात्र 'लिव्ह अँड लायसन्स' कराराने बाजारभाव मोजतो आणि मुदत संपली की करार वाढेल याची शाश्वती त्याला नसते. म्हणूनच वाडा पाडून उभ्या राहिलेल्या इमारतीचा पहिला मजला, किंवा वस्तीतील नवा रस्ता, ही कॅफेची नेहमीची जागा ठरते.

येथेच या धंद्याची नाजूक बाजू दिसते. उदाहरणादाखल, वीस खुर्च्यांचा कॅफे बारा तास उघडा आहे आणि सरासरी पाव भागच भरतो, असे समजू. म्हणजे दिवसाला ६० 'खुर्ची-तास'. प्रत्येक जण दीड तास बसला तर ४० गिऱ्हाइके आणि माणशी १२० रुपयांप्रमाणे ४,८०० रुपयांचा गल्ला. कच्च्या मालाचे १,६००, महिना ३० हजार भाड्याचे रोजचे १,०००, तीन कामगारांचे १,२०० आणि वीज-गॅस वगैरेंचे ५०० रुपये वजा जाता हाती ५०० रुपये उरतात. साताऱ्याच्या पावसाळ्यात सलग आठवडाभर गिऱ्हाईक फिरकले नाही तर तेवढेही उरत नाहीत. थाटात उद्घाटन झालेल्या कॅफेची पाटी वर्षभरातच का उतरते, याचे उत्तर या आकड्यांत आहे.

पडदा आणि काच

या कोंडीतून काही जणांनी काढलेली वाट मात्र घातक ठरली. कॉफीच्या आडून जागा विकण्याऐवजी प्लायवूडचे कप्पे, अंधूक दिवे आणि पडदे लावून तासाच्या हिशेबाने आडोसाच विकण्याचे प्रकार सुरू झाले. मे २०२४ मध्ये अल्पवयीन मुलीवरील अत्याचाराच्या प्रकरणानंतर सांगलीत शंभरफुटी रस्ता परिसरातील कॅफेंची तोडफोड झाली. अत्याचाराचा गुन्हा गंभीरच होता. परंतु कायदा हाती घेऊन केलेल्या तोडफोडीने त्याचा तपास पुढे जात नाही. उलट 'कॅफे' हा शब्दच संशयित ठरतो आणि घरून पहिली बंदी येते ती मुलींवर.

असा संशय जगाला नवा नाही. इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याने डिसेंबर १६७५ मध्ये कॉफीगृहे बंद करण्याचे फर्मान काढले होते. राजाविरुद्ध तेथे बोलले जाते, हा त्याचा आक्षेप होता. लोकांचा रोष पाहून काही दिवसांतच त्याला ते मागे घ्यावे लागले.

आपल्याकडील गोष्ट जरा निराळी आहे. जुन्या हॉटेलांत 'फॅमिली रूम' असे. स्त्रियांनी पडद्याआड बसूनच खावे, हा त्यामागील संकेत होता. आज राजपथावर एखादी मुलगी काचेलगतच्या टेबलावर पुस्तक उघडून एकटी बसते, रस्ता तिला पाहतो आणि ती रस्त्याला पाहते. हा बदल लहान नाही. ज्या कॅफेत कप्पे आहेत तो या मुलीला पुन्हा पडद्याआड नेतो. ज्याची काच स्वच्छ आहे तो तिला पेठेत हक्काची जागा देतो. दोहोंतील हा फरक पोलिसांनी, पालिकांनी आणि पालकांनीही ओळखला पाहिजे. बाहेरून दिसेल अशी बैठक, पुरेसा उजेड, दर्शनी भागात लावलेला अन्नपरवाना आणि स्त्रियांसाठी स्वच्छतागृह, या चार गोष्टींची तपासणी करण्यास दगडांची गरज पडत नाही.

ज्याच्या खिशात पैसे नाहीत

प्रश्न येथेच संपत नाही. माणशी १२० रुपये सर्वांनाच परवडतात असे नाही. साताऱ्यात राजवाड्यासमोरील गांधी मैदानाच्या चौपाटीवर भेळेची एक बशी घेऊन तासभर गप्पा मारलेल्यांची संख्या मोठी आहे. सांगलीकरांसाठी आमराई आणि कृष्णाकाठ होता. अशा जागा आक्रसल्या, बाके मोडली, दिवे बंद पडले की उरते ती पैसे मोजून मिळणारी खुर्ची. कॅफे वाढले याचा एक अर्थ असाही आहे की, फुकट बसण्याच्या जागा शहराला पुरेनाशा झाल्या. रस्ते रुंद करताना आणि नवे आराखडे आखताना बाके, झाडांची सावली आणि रात्री नऊपर्यंत उघडी राहणारी वाचनालये यांचा विचार दोन्ही शहरांच्या पालिकांनी केला, तर कॅफेत बसणे ही तरुणांची गरज न राहता आवड राहील.