मुंग्या बाहेर कधी पडतात?

बांधावरच्या मुंग्यांच्या बिळाभोवती टरफलांचं गोल कडं तुम्ही पाहिलंच असेल. दाणे आत, टरफलं बाहेर. अशाच दाणे वेचणाऱ्या, पण अमेरिकेच्या वाळवंटात राहणाऱ्या लाल मुंग्यांबद्दल आज सांगते.

तिथलं ऊन असं, की दाणा शोधायला निघालेल्या मुंगीच्या अंगातलं पाणी वाटेतच उडून जातं. त्यांना पाणी मिळतं ते दाण्यांतूनच. दाण्यातलं तेल अंगात जिरताना त्याचं पाणी होतं. म्हणजे पाणी मिळवायला आधी पाणी खर्चायचं! फेरीत दाणा मिळाला तर ठीक, नाही तर गाठीचंही गेलं.

मग आज किती जणींनी बाहेर पडायचं, हे ठरवतं कोण? राणी नाही. ती फक्त अंडी घालते; नाव राणीचं, पण हुकूम एकही नाही. डेबोरा गॉर्डन या शास्त्रज्ञ बाई १९८५ पासून या बिळांवर नजर ठेवून आहेत. त्यांनी पाहिलं, की निघायच्या बेतात असलेल्या मुंग्या आत, तोंडाजवळ थांबतात. दाणा घेऊन कुणी परतली, की तिला मिशांनी हुंगतात. पाठोपाठ खूप जणी आल्या, तर दाणे लवकर सापडताहेत, चला निघू. एखाददुसरीच आली, तर या थांबतात, नाही तर खाली परत जातात. गॉर्डनबाईंच्या गटानं काचेच्या बारीक मण्यांना मुंगीचा नि दाण्याचा वास लावून ते बिळात सोडले, तर मुंग्या त्यावरही बाहेर पडल्या!

पण सगळी बिळं सारखी वागत नाहीत. कडक, कोरड्या दिवशीही काही बिळांची रांग चालूच राहते. काही मात्र फेऱ्या एकदम कमी करतात. त्या दिवशी दाणे थोडेच येतात, पण आत महिनोन्‌महिने पुरेल इतका साठा असतो. आपण बघितलं तर म्हणू, आळशी बाई!

राणीच्या लेकी उडून जाऊन दुसरीकडे बिळं वसवतात. कुठलं बीळ कुणाच्या लेकीचं, हे गॉर्डनबाईंनी डीएनए तपासून शोधलं. २०१३ साली ते छापून आलं. कोरड्या दिवशी हात आखडणाऱ्या बिळांच्याच लेकी जास्त नांदत होत्या. आणि आईचं बीळ ज्या दिवशी फेऱ्या कमी करी, त्याच दिवशी लेकीचंही करी. दोघींची बिळं लांब, एकमेकींची गाठभेट कधीच नाही.