एका पंपात दोन औषधे : काय चालते, काय चालत नाही



फवारणीच्या दिवसांत मजूर मिळत नाही, मिळाला तर मजुरी परवडत नाही. म्हणून किडीचे औषध, करप्याचे औषध आणि जोडीला युरिया, असे सगळे एकदाच पंपात ओतून मोकळे व्हावे असे वाटणे साहजिक आहे. काही औषधे एकत्र चालतातही. पण मिश्रण दोन तऱ्हांनी बिघडते. एक बिघाड डोळ्यांना दिसतो, दुसरा दिसत नाही. आणि जास्त फसवतो तो न दिसणाराच.

दिसणारा बिघाड म्हणजे द्रावण फाटणे, वर तेलकट साय येणे, तळाशी साका बसणे. कॅल्शियम नायट्रेट आणि 12:61:00 सारखे स्फुरदाचे खत एकत्र केले की पांढरा साका धरतो. नोझल तुंबते आणि दोन्ही खते वाया जातात. हे टाळण्यासाठी आधी बाटलीत करून पाहावे. काचेची स्वच्छ बाटली घ्या, त्यात फवारणीसाठी वापरणार तेच एक लिटर पाणी घ्या. बोअरचे पाणी वापरणार असाल तर बोअरचेच. पंधरा लिटरच्या पंपात तीस मिली टाकायचे औषध इथे दोन मिली टाकावे. ढवळून अर्धा तास ठेवा. फाटले, गुठळ्या झाल्या, बाटली गरम झाली, तर ते मिश्रण पंपात घालू नये. ही बाटली नंतर घरात कशालाही वापरू नका, फोडून पुरून टाका.

आता न दिसणारा बिघाड. द्राक्षावर, डाळिंबावर आपण बोर्डो मारतो. एक टक्क्याचे बोर्डो म्हणजे शंभर लिटर पाण्यात एक किलो मोरचूद आणि एक किलो कळीचा चुना. या चुन्यामुळे द्रावण अल्कधर्मी होते. त्यात मॅलॅथिऑन, क्विनालफॉस, प्रोफेनोफॉस असे फॉस्फरस गटातले कीटकनाशक टाकले तर त्याचे विघटन सुरू होते. द्रावण फाटत नाही, वासही येत राहतो, पण किडीला मारायची ताकद कमी होत जाते. मग आपण म्हणतो, औषध बनावट निघाले. बोर्डोची फवारणी म्हणूनच स्वतंत्र करावी.

चुना किती बोलतो हे घरच्या हळदीने कळते. कपड्यावरच्या हळदीच्या डागाला साबण लागला की तो लाल होतो, हे आपल्या घरातल्या बायकांना ठाऊक आहे. तसाच हळदीने रंगवलेला कागद द्रावणात बुडवा. लाल झाला तर कीटकनाशक घालू नका. पिवळा राहिला म्हणजे सगळे ठीक, असे मात्र समजू नये. वेष्टनावरची सूचना वाचावीच.

गंधक आणि तेलाचे औषध यांची गाठ पडू देऊ नये, पाने करपतात. या दोन फवारण्यांत निदान तीन आठवडे जाऊ द्यावेत. तणनाशकाचा पंप तर वेगळाच हवा; २,४-डी चा अंश राहिलेल्या पंपाने कपाशीची पाने वेडीवाकडी होतात.

मिसळताना पंपात आधी निम्मे पाणी, मग पाण्यात कालवलेली भुकटी, ती नीट मिसळल्यावर तेलकट प्रवाही औषध, शेवटी उरलेले पाणी. युरिया विरघळताना पाणी गार पडते आणि गार पाण्यात भुकटी लवकर फुटत नाही, म्हणून तो वेगळ्या बादलीत विरघळवून ठेवावा. दोन औषधे एकमेकांत कधीही निर्जळ ओतू नयेत. केलेले मिश्रण आधी चार झाडांवर मारून दोन-तीन दिवस पाहा, आणि ढवळलेले द्रावण त्याच दिवशी संपवा.

आणखी एक गोष्ट. दोन वेगळ्या नावांच्या डब्यांत कधी कधी एकच विष असते. डब्यावरचे मोठे नाव सोडा, खालचे बारीक अक्षरातले रासायनिक नाव वाचा. फॉस्फरस गटातली दोन औषधे एकत्र केली तर दोन्ही अंगात एकाच ठिकाणी घाव घालतात. यवतमाळ जिल्ह्यात 2017 साली कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर दगावले. औषधे मनाने एकत्र करणे हे त्यामागच्या सांगितल्या गेलेल्या कारणांपैकी एक होते. फवारताना कोणाला गरगरले, लाळ सुटली, अंधारी आली, तर काम थांबवून अंगावरचे कपडे काढा, अंग साबणाने धुवा आणि लगेच दवाखान्यात न्या. जाताना पंपात घातलेल्या सगळ्या औषधांची वेष्टने सोबत घ्या. डॉक्टरांना एकाच डब्याचे नाव कळले तर उपचार अर्धाच होईल.