पाण्याने थंड राहणारा संगणक

गडचांदूरहून जिवतीला येताना घाट चढावा लागतो. चढावर गाडीचे इंजिन तापते. त्याच्याभोवती फिरणारे पाणी ती उष्णता घेते आणि पुढच्या रेडिएटरमध्ये निवते. संगणकही असाच थंड ठेवता येतो.

संगणकातील आकडेमोड प्रोसेसर करतो. काम करताना तो तापतो. फार तापला, तर संगणक मंदावतो किंवा बंद पडतो. साध्या संगणकाला पंखा पुरतो. जड काम करणाऱ्या संगणकाला काही जण स्वतः पाण्याची सोय जोडतात. प्रोसेसरवर तांब्याचा पोकळ ठोकळा बसवतात. छोटा पंप त्यातून पाणी फिरवतो. तापलेले पाणी नळीने रेडिएटरकडे जाते, पंख्याच्या वाऱ्याने निवते आणि परत येते. पुण्याच्या 'आयसर' संस्थेत २०१९ मध्ये सुरू झालेल्या 'परम ब्रह्म' या महासंगणकातही उष्णता द्रवानेच वाहून नेली जाते.

येथे नळाचे पाणी चालत नाही. त्यातील क्षार साचतात. ऊर्ध्वपातित पाणी घ्यावे लागते आणि त्यात गंज रोखणारे द्रव्य घालतात. संगणकाला वीज देण्यापूर्वी नुसता पंप काही तास चालवून पाहतात. एक थेंब गळला, तरी संगणक जळू शकतो.

लक्षात ठेवा, पाणी उष्णता नाहीशी करत नाही, फक्त वाहून नेते. माठातील पाणी बाष्पीभवनामुळे हवेपेक्षा गार होते. या नळ्या मात्र बंद असतात. मे महिन्यात आपल्या जिल्ह्यात पारा ४५ अंशांवर गेला, तर हे पाणी त्याहून गार होईल का? विचार करा. म्हणूनच यंत्राइतकीच खोलीचीही काळजी घ्यावी लागते.